मचवा कुठे गेला

माझं ठरत आलेलं लग्न एका व्याख्यानामुळे मोडलं. व्याख्यान बर्म्युडाच्या त्रिकोणावर होतं आणि आम्ही राहत होतो पनवेलला. इतक्या लांबून येऊन कोणी माझ्या संसारात पाय घालेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्या शेतांच्या जागी नवीन पनवेलचे सेक्टर उभे राहत होते आणि बाबांनी जुन्या पनवेलच्या बाजारात वह्या-पुस्तकांचं दुकान टाकलं होतं. आमच्या सगळ्या आगरी गोतावळ्यात चिखलाऐवजी शाईनं हात भरणारा तो पहिलाच माणूस. मी बी.एस्सी. होऊन एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. वर्गात माझा चांगला दरारा होता. घरात मात्र काडीचा नव्हता, कारण माझा हट्टीपणा ज्यांच्याकडून आला ते समोरच बसलेले असायचे. आम्हा बापलेकीचं वाजलं की आई सरळ मागच्या दारी जाऊन भांडी घासायला घ्यायची. आमच्याकडची भांडी फार लखलखीत होती.

मुलगा उरणकडचा, आमच्याच समाजातला. मोठ्या मालवाहू जहाजावर थर्ड ऑफिसर. आईच्या मावसबहिणीनं स्थळ आणलं होतं. तो बघायला आला तेव्हा आईनं पोह्यांची बशी पुढे करत त्याला विचारलं, "दर्याची भीती नाय वाटत तुमाला?"

"वादळाची नाही वाटत," तो म्हणाला. "वादळ निदान दिसतं. ओल्या मालाची वाटते."

सगळे हसले. म्हणजे काय, हे कोणी विचारलं नाही. विज्ञानाच्या बाईंनी तरी विचारायला हवं होतं, पण बाई त्या वेळी उन्हानं रापलेले त्याचे कान बघत होत्या. आडपडदा कशाला ठेवू, मला तो आवडला. त्यालाही मी आवडले, कारण निघताना चप्पल घालायला त्यानं फार वेळ लावला. पाहुणे उठले तसे बाबा नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत निघून गेले. पाहुणे गेल्यावर "बघू" एवढंच म्हणाले. आमच्या घरात "बघू" म्हणजे जवळजवळ "हो" असायचं, म्हणून मी खुशाल होते.

पुढच्याच आठवड्यात गावात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. बाबा व्याख्यानमालेचे नुसते वारकरी नव्हते, पहिल्या रांगेतले मानकरी होते. विषय कुठलाही असो, मधुमेह असो की मराठेशाही, बाबा इस्त्रीचा सदरा घालून वेळेआधी हजर. शेतकऱ्याच्या पोराला खुर्चीवर बसून ऐकायला मिळतं, याचं त्यांना अप्रूप होतं. त्या संध्याकाळी विषय होता महासागरातल्या सैतानी त्रिकोणाचा. वक्ते मुंबईचे होते, आवाज असा की शेवटच्या रांगेतली पोरं आईच्या मांडीवर चढली. त्यांनी विमानं गायब केली, जहाजं गायब केली, टेबलावर वाफाळता चहा ठेवून माणसं गायब केली. परग्रहावरच्या तबकड्या आणल्या, समुद्राच्या तळाशी बुडालेलं नगर आणलं. मी बाबांच्या शेजारी बसून दात खात होते.

शेवटी प्रश्नांची वेळ आली. बाबांनी कधी नव्हे तो हात वर केला. उभं राहून त्यांनी विचारलं, "आपल्या इकडच्या समुद्रात असं होऊ शकतं का?" बाहेर बोलताना ते शब्द जपून, शाळेतल्यासारखे बोलत.

वक्ते घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "समुद्र तर सगळीकडे एकच आहे ना, काका!" सभागृहात टाळ्या पडल्या.

घरी येऊन सदरा खुंटीला लावायच्या आधीच बाबांनी निकाल दिला. "पोरगी बोटीवाल्याला द्यायची नाय."

त्यानंतर घरात जे झालं ते मी सगळं सांगत नाही. एवढंच सांगते की त्या रात्री आईनं स्वच्छ भांडी पुन्हा घासली. मी रडले, मग चिडले, आणि चिडल्यावर मला नेहमी बरं वाटतं. मला वाटलं, माझा बाप एका भोंदू वक्त्याच्या नादी लागलाय. त्याच्या डोक्यातून तो त्रिकोण काढला की झालं. मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले. "त्या माणसानं सांगितलेल्या एकेका गोष्टीचं कारण मी तुम्हाला देते. सगळी कारणं पटली तर हो म्हणाल?"

"दे कारनं," बाबा म्हणाले. हो म्हणेन असं ते म्हणाले नव्हते, पण हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला.

मग शाळा सुटली की मी वाचनालयात, वाचनालय बंद झालं की कॉलेजातल्या माझ्या जुन्या सरांच्या दारात. त्यांच्याकडची इंग्रजी मासिकं पिशवी भरून आणायची आणि संध्याकाळी ओटीवर बाबांसमोर मांडायची. बाबा दुकानातून विकायचा पृथ्वीचा गोल घेऊन यायचे. तो मधे ठेवून आमचा खटला चालायचा. आई तांदूळ निवडत बसायची आणि मधूनमधून सांगायची की आज कोणाची सरशी आहे.

पहिली मी विमानं घेतली. शिकाऊ वैमानिकांची एक तुकडी समुद्रावर सरावाला गेली आणि परत आलीच नाही, ही त्या वक्त्यांची हुकमाची गोष्ट. मी सांगितलं की तुकडीच्या प्रमुखाचं होकायंत्र बिघडलं होतं. खालची बेटं ओळखण्यात त्याची गल्लत झाली आणि जमीन एकीकडे असताना तो भलतीकडे उडत राहिला. हवा बिघडली, अंधार पडला, इंधन संपलं. "पेट्रोल संपलं की विमान रिक्षासारखं कडेला लावता येत नाही, बाबा."

"आन त्यांना शोधायला गेलेलं इमान?"

"त्या जातीच्या विमानात पेट्रोलची वाफ साचायची. आकाशात भडका उडालेला एका जहाजावरच्या लोकांनी बघितला होता. वक्त्यांनी तेवढंच सांगायचं टाळलं."

बाबांनी मान हलवली. आई म्हणाली, "आज पोरीची सरशी."

दुसऱ्या संध्याकाळी ते रिकामं सापडलेलं जहाज. चहा वाफाळत होता आणि माणूस एकही नव्हता. मी गोल फिरवून बाबांचं बोट धरलं आणि जागेवर ठेवलं. "हा त्रिकोण. आणि जहाज सापडलं ते इथे, पोर्तुगालच्या बाजूला. अख्खा अटलांटिक मधे आहे." जहाजात दारूच्या अर्काची पिंपं होती. ती गळायला लागली, वाफेचा स्फोट होईल या धास्तीनं माणसं छोट्या होडीत उतरली असतील आणि होडीचा दोर सुटला असेल, असं जाणकार म्हणतात. आणि चहाची वाफ? ती गोष्ट सांगणाऱ्यांनी नंतर घातलेली.

"अर्क पन होता आन च्या पन होता?" आईनं विचारलं. "मंग च्या कोन पील?"

असं पुष्कळ दिवस चाललं. खनिजानं ठासून भरलेलं, एक इंजिन बंद पडलेलं आणि तशातच वादळात सापडलेलं जहाज. अचानक उठणाऱ्या, घरापेक्षा उंच लाटा, ज्यांना खलाशांशिवाय कोणी खरं मानायचं नाही. समुद्राच्या तळातून सुटणारे वायूचे बुडबुडे. हे मलाच पुरतं पटत नव्हतं, म्हणून मी तसं सांगून टाकलं. फुटलेल्या जहाजाच्या फळ्या का सापडत नाहीत? कारण तिथून समुद्रातली नदी म्हणावी असा जोराचा प्रवाह वाहतो, तो सगळं उचलून लांब नेऊन टाकतो. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे गर्दी. "पळस्पे फाट्यावर अपघात जास्त होतात," मी म्हटलं, "कारण तिथून गोव्याच्या पण गाड्या जातात आणि पुण्याच्या पण. तिथे सैतान बसलाय असं कोणी म्हणतं का?"

"म्हनतात की," आई म्हणाली. "डायव्हर लोक नारळ फोडतात तिथं."

बाबा हसले. खरं सांगायचं तर संध्याकाळच्या त्या बैठकी आम्हा दोघांनाही आवडायला लागल्या होत्या. बाबा प्रश्न असे अचूक विचारायचे की माझ्या वर्गातल्या पोरांनी धडा घ्यावा. त्यांनी कधी आडमुठेपणा केला नाही. पटलं की पटलं म्हणायचे. म्हणूनच शेवटच्या संध्याकाळी मला इतका धक्का बसला.

मी कागद आवरले आणि विजयी चेहऱ्यानं विचारलं, "मग? पटलं ना सगळं?"

"सगळं पटलं."

"मग कळवायचं त्यांना?"

"नाय."

माझा तोल गेला. मी गोल उचलून आपटला असता, पण तो विकायचा होता. "आता कुठलं जहाज राहिलं, बाबा?" मी ओरडले. "सांगा ना! जगातलं कुठलं जहाज राहिलं?"

आईनं सुपातला हात थांबवला. बाबा खाली बघत म्हणाले, "आमच्या दादाचा मचवा."

मला एक काका होता आणि तो माझ्या जन्माआधी गेला, एवढंच मला माहीत होतं. कसा गेला हे कोणी बोलायचं नाही आणि आम्ही विचारायचो नाही. त्या संध्याकाळी बाबांनी पहिल्यांदा सांगितलं. पूर्वी पनवेलच्या खाडीतून शिडाचे मचवे मुंबईला माल न्यायचे. मीठ, कौलं, गवत आणि बांधकामाची रेती. काका रेतीच्या मचव्यावर होता. भरतीला मचवा निघाला. आभाळ स्वच्छ होतं, वारा बेताचा होता. मागून गावातलाच दुसरा मचवा येत होता. त्यावर सुकाणू धरून बसलेल्या तांडेलानं विडी पेटवायला मान खाली घातली आणि वर बघतो तर पुढे काही नाही. नुसतं पाणी. ना आरोळी, ना शीड, ना माणूस. त्यांनी तासन्‌तास शोधलं. काकासकट चार गडी होते, एकाचंही काही हाताला लागलं नाही. गावानं ठरवलं, पाण्यातल्या आसरा देवतांनी नेला.

"वादळ नव्हतं, लाट नव्हती," बाबा म्हणाले. "मोठा मचवा. माझा दादा माश्यासारखा पोहायचा. त्याला खाडीत बुडायला काय झालं? याचं कारन दे. मग मी हो म्हनतो."

आता मला कळलं की बर्म्युडाशी बाबांचं काहीच देणंघेणं नव्हतं. त्या वक्त्यांनी फक्त जुनी जखम उकरली होती. लग्नाचं तर राहोच, पण माझ्या बापानं इतकी वर्षं हा प्रश्न एकट्यानं सांभाळला, याचं मला फार वाईट वाटलं.

पुढचे काही दिवस मी शाळेत शिकवत होते पण डोकं खाडीत होतं. मुलाकडून निरोपावर निरोप येत होते, आणि आई "पोरीची परीक्षा चाललीय" असं मोघम सांगून वेळ मारून नेत होती. मग एके दिवशी पळस्प्याच्या फाट्यावर मी बसची वाट बघत उभी होते. नवीन पनवेलच्या बांधकामांना रेती नेणारा एक ट्रक खड्ड्यांतून खडखडत आला आणि समोर म्हैस आल्यामुळे त्यानं करकचून ब्रेक मारला. मागे ओल्या बारीक रेतीचा ढीग होता. तो ढीग पुढे सरकला. रेती जशी ढासळते तसा नाही, तर पातेल्यातली पेज सांडावी तसा. फळीवरून चकाकणारा गाळ खाली ओघळला. क्लीनरनं ड्रायव्हरला एक शिवी हासडली.

ओल्या मालाची वाटते. रापलेले कान आणि ते वाक्य दोन्ही एकदम आठवले. मी बस सोडली आणि घराकडे चालत सुटले.

खलाशी ज्याला भितात ते हे होतं. ओल्या मालाच्या कणांमधे पाणी असतं. बेतानं असलं तर ते कणांना धरून ठेवतं, म्हणून ओली रेती भिंतीसारखी उभी राहते. पण पाणी जास्त झालं आणि माल सारखा डुलत राहिला, की कण खाली बसायला बघतात. मधलं पाणी कुठे जाणार? ते कणांना एकमेकांपासून सोडवतं आणि घट्ट दिसणाऱ्या मालाची पेज होते. पेज एका अंगाला धावली की जहाज त्या अंगाला कलतं, कललं की आणखी पेज तिकडेच धावते, आणि खेळ खलास. वादळ लागत नाही. सैतान तर अजिबात लागत नाही.

हे कागदावर ठीक होतं. बाबांना डोळ्यांनी दाखवायला हवं होतं. मी गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा उभा कापून घेतला; आडवा ठेवला की छान होडी. शेजारी स्लॅबचं काम चाललं होतं, तिथली रेती मागून आणली आणि मागच्या दारच्या हौदात डबा सोडला. हलवला. काही झालं नाही. जोरात हलवला, तरी रेती आपली ढिम्म. कुंपणापलीकडून शेजारच्या काकूंनी विचारलं, "मास्तरीनबाई, शाळा सोडून होड्या खेळताय काय?" माझा चेहरा लाल झाला. मग ट्यूब पेटली. ही रेती जाडी होती, पाणी तिच्यातून सहज निथळत होतं. काकाच्या मचव्यात खाडीची बारीक रेती होती. दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर खाडीवर गेले, ओहोटीत पोटरीपर्यंत चिखलात उतरले आणि पिशवी भरून आणली. साडीचं जे झालं ते झालं.

रविवारी सकाळी मी बाबांना हौदापाशी बोलावलं. आई मागे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी डब्यात रेती भरायला लागले तसे बाबा पुढे आले. "अशी नाय भरत," ते म्हणाले. "कोरडी रेती ढासळते. पानी मारायचं, थापायचं, मंग ढीग उभा रायतो आन मचव्यात जास्त मावतो. सगळे तसंच करायचे." त्यांनी बाह्या सरसावल्या. शाई लागलेल्या बोटांनी त्यांनी पाणी शिंपडलं, रेती थापली, पुन्हा शिंपडली. बघता बघता डब्यात असा सुबक, उंच, टणक ढीग उभा राहिला की शाबास म्हणावं. "दादाचा ढीग धक्क्यावर सगळ्यात उंच असायचा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात अजून अभिमान होता.

मी हौदाच्या कडेला बसून तळहातानं पाणी हलकेच ढवळायला लागले. डबा डुलत होता. ढीग तसाच उभा. पुष्कळ वेळ काहीच झालं नाही. आई कंटाळून भात बघायला वळली. "बघ," बाबा म्हणाले, "काय होत नाय."

तेवढ्यात ढिगाचा माथा चमकला. वर पाणी आलं. क्षणापूर्वी टणक असलेला तो ढीग एकदम मऊ पडला, एका बाजूला घरंगळला, डबा कलंडला आणि गेला. खरंच गेला. एक बुडबुडा आला आणि हौदाचं पाणी पुन्हा सपाट झालं. आईनं वळून बघितलं तेव्हा तिथे काही नव्हतं. "डबा कुठं गेला?" ती म्हणाली.

बाबा त्या सपाट पाण्यावर वाकले. मी घाबरले. घाईघाईनं म्हटलं, "काकाचं असंच झालं असेल असं मी म्हणत नाही, बाबा. ते कोणालाच कळायचं नाही. पण असं होऊ शकतं. लाट लागत नाही, वारा लागत नाही. ओरडायला वेळ मिळत नाही. शिडाखाली अडकलं तर पोहता येऊनही उपयोग नाही."

"पुन्हा कर," बाबा म्हणाले.

पुन्हा केलं. पुन्हा गेला. मग बाबा हौदाच्या कडेवर बसले आणि ज्या गोष्टीशी मी इतके दिवस भांडत होते ती मला त्या वेळी कळली.

"त्या दिशी मी धक्क्यावर गेलेलो," ते म्हणाले. "लहान व्हतो. मचवा सुटला आन मी मागून हाक मारली. दादा, कवा येशील? म्हातारीनं, तुझ्या आजीनं, माझ्या पाठीत धपाटा घातला. निघालेल्या मानसाला मागून हाक मारतात काय? कुठं, कवा विचारतात काय? आन तो आलाच नाय. म्हातारी मरेपर्यंत मला काय बोलली नाय. पन मला म्हायती व्हतं ना."

आई त्यांच्याजवळ येऊन बसली. इतक्या वर्षांच्या संसारात तिलाही हे ठाऊक नव्हतं. आमच्याकडे कोणी बाहेर निघालं की बाबा उठून आतल्या खोलीत का जायचे, हे आम्हा दोघींना एकदमच उमगलं. मला हुंदका फुटला. मी काही शहाणपणाचं बोलणार, तेवढ्यात बाबा उठले.

त्यांनी हौदात हात घालून डबा काढला. खळबळून धुतला. उरलेली रेती भरली, पाणी मारलं, थापली. या वेळी ढीग त्यांनी एकट्यानं रचला आणि पाणीही त्यांनीच ढवळलं. ओठ घट्ट मिटलेले. आम्हालाही त्यांनी बोटानं गप्प राहायला सांगितलं. मागच्या दारी एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आईनं तर भात करपू दिला. डबा डुलला, ढीग चमकला, घरंगळला आणि डबा बुडाला.

बाबांनी वर बघितलं. "हाक मारली नाय," ते म्हणाले. "तरी बुडाला."

माझ्या सरांनी मला प्रयोगशाळेत पुष्कळ काही शिकवलं होतं, पण इतका चोख प्रयोग मी आजवर बघितलेला नाही. बाबा रडत होते आणि हसतही होते. मी त्यांच्या गळ्यात पडले, चिखलानं आम्ही दोघंही माखलो. कुंपणापलीकडच्या काकू तोंडाचा आ करून बघत होत्या. बघू देत म्हटलं.

"नक्की तेच झालं असेल असं नाही हं," मी पुन्हा म्हटलं. मला खोटं जिंकायचं नव्हतं.

"होऊ शकतं ना? तेवढं पुरे हाय मला," बाबा म्हणाले. मग डोळे पुसून आईकडे वळले. "उरणला निरोप धाड. म्हनावं, पोरीची परीक्षा झाली. पास झाली."

लग्न धुमधडाक्यात झालं. आमच्या बायकांनी रात्रभर धवलगीतं म्हटली आणि बाबांनी मांडवात व्याह्यांना, भटजींना, बँडवाल्यांना, ज्याला त्याला ओल्या रेतीचं शास्त्र समजावून सांगितलं. पुढच्या वसंत व्याख्यानमालेत शेवटच्या दिवशी स्थानिक वक्त्यांना वेळ असतो, तिथे त्यांनी माझं नाव परस्पर देऊन टाकलं. मी बोलले. डबा आणि काचेची पेटी घेऊन गेले होते. डबा बुडाला तेव्हा सभागृह हललं. पहिल्या रांगेतून सगळ्यात आधी टाळी कोणी वाजवली, हे सांगायला नको.

पण खरा दिवस त्याच्या आधीचा. लग्नानंतर नवऱ्याची पहिली सफर निघायची होती. मुंबईच्या गोदीत जहाज लागलं होतं. जाण्याआधी आई-बाबांच्या पाया पडायला तो पनवेलला आमच्याकडे आला. दारात टॅक्सी उभी. उरणहून सोबत आलेल्या सासूबाई, नणंदा, आमच्या शेजारणी, सगळ्या ओटीवर. आईनं हातावर दही घातलं. मी अगदी ठणठणीत असल्याचा आव आणला होता. निघायची वेळ झाली तसे बाबा सवयीनं उठले. आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले.

नवरा पायऱ्या उतरला, टॅक्सीचं दार उघडलं. बाबा वळले, ओटीच्या टोकाला आले आणि गल्ली दणाणून जाईल अशा आवाजात मागून ओरडले, "ओ जावई! कुठं चाललाव?"

सासूबाईंनी तोंडावर पदर धरला. एका शेजारणीनं कानांवर हात ठेवले. मी बाबांचा हात पकडला. पण ते थांबले नाहीत.

"कवा येनार, ते सांगून जावा!"

नवऱ्याला मी सगळं सांगितलेलं होतं. तो टॅक्सीचं दार सोडून तसाच मागे आला, भर गल्लीत उभा राहिला आणि तितक्याच मोठ्यानं म्हणाला, "जपानला चाललोय, बाबा! गणपतीला घरी येतो!"

"या," बाबा म्हणाले. "वाट बघतो."

टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाली तरी ते आत गेले नाहीत. मी त्यांच्याजवळ उभी होते. त्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी तो आला तेव्हा बाबा बाजारात होते. त्यांनी दुकान उघडं टाकलं आणि धावत घरी आले.